लॅपटॉपचा बायोस पासवर्ड माहीत नाही? दुकानात खोलायला देण्याआधी हे वाचा

हैदराबाद : नांदेड, देगलूर, उदगीर, बिदरकडून बसने येणारा माणूस महात्मा गांधी बसस्थानकात, म्हणजे आपल्या नेहमीच्या 'एमजीबीएस'वर उतरतो. बाहेर पडलं की अफझलगंज. कोणी उस्मानिया दवाखान्यात पेशंट घेऊन आलेलं असतं, कोणी बेगम बाजारात माल घ्यायला, तर कोणी स्टेट सेंट्रल लायब्ररीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला. 'हैदराबादला चाललोच आहोत, तर घरात पडलेला लॅपटॉपही दाखवून आणू', असं म्हणून तोही पिशवीत टाकणारे असतात. इथून कोठी जवळ, आबिड्स जवळ. दुरुस्तीची दुकानं भरपूर.

असा लॅपटॉप चालू केला, की कधी कधी विंडोज यायच्या आधीच काळ्या किंवा निळ्या पडद्यावर कुलपाचं चित्र येतं आणि पासवर्ड मागितला जातो. आपल्याला तो माहीत नसतो. जुना घेतला तेव्हा विकणाऱ्याने सांगितला नव्हता, किंवा आपणच कधीतरी टाकला आणि विसरलो. दुकानदार म्हणतो, 'हो जाता साब, दो मिनट का काम है.' खरंच होतं का? किती धोका असतो? आणि मुळात तो लॅपटॉप आपल्याकडे यायला हवा होता का? तेच इथे सविस्तर.

पासवर्ड नेमका कोण मागतंय?

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. लॅपटॉपवर निदान चार वेगळी कुलपं असू शकतात आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी.

पहिलं, विंडोजचा पासवर्ड किंवा पिन. विंडोजचं चित्र आल्यावर, तुमच्या नावासह मागतो तो हा. याचा बायोसशी संबंध नाही. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर तो मोबाईलवरूनही बदलता येतो.

दुसरं, सुरू होतानाचा पासवर्ड. बटण दाबल्याबरोबर मागतो. तो दिल्याशिवाय यंत्र पुढे सरकत नाही.

तिसरं, बायोसचा मुख्य पासवर्ड. याला सुपरवायझर किंवा ॲडमिन पासवर्ड म्हणतात. लॅपटॉप नेहमीसारखा चालतो, विंडोजही उघडतं, पण बायोसच्या सेटिंगमध्ये शिरायला गेलं की अडवतो. वर्षानुवर्षं वापरूनही हा आहे हे कळत नाही.

चौथं, हार्ड डिस्कचा पासवर्ड. हा बायोसमध्ये नसतोच, तो डिस्कच्या आत असतो. डिस्क काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावली तरी तो तिच्याबरोबर जातो.

म्हणून दुकानात जायच्या आधी पडद्याचा फोटो काढून ठेवा. कोणते शब्द आले, खाली काही नंबर आला का, ते फोटोत असू द्या. अर्धं निदान तिथेच होतं.

हा प्रश्न आत्ता का वाढला?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला. त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ टाकायची घाई सुरू झाली. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं. काही यंत्रांत या गोष्टी असतात, पण बायोसमध्ये बंद ठेवलेल्या असतात. चालू करायला बायोस उघडावा लागतो आणि तेव्हा कळतं की आत कुलूप आहे. इंजिनिअरिंगच्या मुलांचंही तेच. वर्च्युअलायझेशन चालू करायला जातात आणि अडकतात.

दुसरं कारण हैदराबादचंच आहे. सायबर टॉवर्स १९९८ला उभं राहिलं आणि त्यानंतर माधापूर, गच्चीबावली भागात कंपन्यांची रांग लागली. कंपन्या काही वर्षांनी लॅपटॉप बदलतात. जुने लॉटमध्ये विकले जातात. ते भंगारवाल्याकडून, व्यापाऱ्याकडून फिरत बाजारात येतात. डेल लॅटिट्यूड, लेनोव्हो थिंकपॅड, एचपी एलिटबुक ही त्यातली नेहमीची नावं. यंत्रं चांगली असतात, पण कर्मचाऱ्यांनी सेटिंग बदलू नये म्हणून कंपनीच्या आयटी विभागाने टाकलेला पासवर्ड कधी कधी तसाच राहतो.

सेल काढला तर पासवर्ड जातो का?

हा सल्ला प्रत्येक जण देतो. 'आतला सेल काढून अर्धा तास ठेवा, सगळं साफ.' हे मुळात चूक नाही, पण जुन्या काळाचं आणि डेस्कटॉपचं आहे. १९८४मध्ये आलेल्या आयबीएमच्या पीसी-एटीपासून बायोसची सेटिंग छोट्या सीमॉस मेमरीत राहू लागली. त्या मेमरीला सेलची वीज लागायची. सेल काढला, की सेटिंग पुसली जायची आणि पासवर्डही. आजही पुष्कळ डेस्कटॉपवर हा उपाय चालतो.

लॅपटॉप चोरीला जातो. म्हणून कंपन्यांनी मुख्य पासवर्ड वीज नसतानाही टिकणाऱ्या चिपमध्ये ठेवायला सुरुवात केली. सेल काढा, मोठी बॅटरी काढा, महिनाभर कपाटात ठेवा, तो जात नाही. जाते ती फक्त तारीख-वेळ. मग घड्याळ मागे जातं आणि वेबसाइट 'सुरक्षित नाही' म्हणू लागतात. काही जुन्या थिंकपॅडवर मुख्य पासवर्ड टाकलेला नसेल, तर फक्त सुरू होतानाचा पासवर्ड सेल काढून जातो. मुख्य असेल तर नाही.

तेव्हा कोणी 'सेल बदलून देतो' म्हणून पैसे मागत असेल, तर आधी विचारा, की या मॉडेलला ते चालतं का.

घरी करून पाहण्यासारखं

कुठेही जाण्याआधी एवढं करा.

- कॅप्स लॉक आणि नम लॉक बघा. काही लॅपटॉपमध्ये नम लॉक चालू असला तर उजवीकडची अक्षरं आकडे होतात.
- एखादी की मेली असेल तर बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावून टाइप करा.
- बायोस साधारण अमेरिकन पद्धतीचा कीबोर्ड धरून चालतो. पासवर्डात चिन्हं असतील तर ती दुसऱ्या जागी असू शकतात.
- घरात, कॉलेजात, ऑफिसात पूर्वी वापरलेले पासवर्ड कागदावर लिहून एकेक करून बघा. भरभर अंदाजाने मारू नका. बऱ्याच यंत्रांवर तीन चुका झाल्या की यंत्र थांबतं आणि बंद करून पुन्हा चालू करावं लागतं.
- तीन चुकांनंतर एखादा नंबर दिसला तर त्याचा फोटो काढा. कंपनीशी बोलताना लागतो.
- ज्याच्याकडून घेतला त्याला फोन करा. सगळ्यात स्वस्त उपाय हाच आणि लोक नेमका हाच विसरतात.

आणि एक. मुख्य पासवर्ड आहे, पण विंडोज नीट उघडतंय आणि तुम्हाला बायोसमध्ये काही बदलायचं नाही, तर घाई कशाला? विंडोज नव्याने टाकायचं असेल तर तेही बऱ्याचदा विंडोजच्या आतल्या 'रीसेट' पर्यायाने होतं. कुलूप आहे म्हणून लगेच यंत्र उघडायलाच हवं असं नाही.

कंपनीकडे गेलं तर

सरळ रस्ता हाच. कंपनी एकच गोष्ट बघते : हे यंत्र तुमचं आहे का?

डेलच्या लॅपटॉपला खाली सात अक्षर-आकड्यांचा सर्व्हिस टॅग असतो. पासवर्डाच्या पडद्यावरही तो दिसतो. कंपनीच्या नोंदीत मालक म्हणून तुमचं नाव जुळलं, तर उघडण्याचा कोड मिळू शकतो. जुना घेतला असेल तर आधी मालकी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. त्यासाठी आधीच्या मालकाची माहिती लागते, म्हणून विकणाऱ्याशी संबंध तोडू नका.

लेनोव्होच्या थिंकपॅडचं धोरण कडक आहे. सुपरवायझर पासवर्ड विसरलात तर तो काढून द्यायची सोय नाही, मदरबोर्ड बदलावा लागतो. खरेदीचा पुरावा लागतो आणि खर्च आपला. जुन्या यंत्राच्या बाबतीत हा खर्च यंत्राच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो. म्हणून आधी दर विचारा, मग ठरवा.

एचपी आणि एसर यांच्या बाबतीत मॉडेलप्रमाणे फरक पडतो. कुठे कोड मिळतो, कुठे बोर्ड बदला म्हणतात. बिल आणि सीरियल नंबर हातात ठेवूनच फोन करा.

ॲपलच्या इंटेल चिपवाल्या मॅकबुकला फर्मवेअर पासवर्ड असतो. तो विसरला तर मूळ बिल घेऊन ॲपलकडे किंवा अधिकृत सेवा केंद्रात जावं लागतं. ॲपलच्या स्वतःच्या चिपवाल्या नव्या मॅकला हा पासवर्ड नसतो. तिथे ॲक्टिव्हेशन लॉक असतं आणि ते जुन्या मालकाच्या ॲपल खात्याला बांधलेलं असतं.

सीमेवरच्या वाचकांसाठी एक गोष्ट. यंत्र तेलंगणात घेतलं आणि दाखवायचं नांदेडात किंवा लातुरात, तर त्याने अडत नाही. नोंद सीरियल नंबरवर असते, राज्यावर नाही. अडतं ते बिलावर सीरियल नंबर लिहिलेला नसल्यामुळे.

बाहेरच्या दुकानात देताना

कोठी-आबिड्सच्या बाजूला चिपचं बारीक काम करणारे कारागीर आहेत. ते बायोसची चिप प्रोग्रॅमरला लावतात, आतली माहिती वाचतात, बदलतात आणि परत भरतात. तुमच्याच मालकीच्या यंत्रावर हे काम करून घेण्यात गैर काही नाही, पण ते 'दो मिनट'चं नसतं आणि धोक्याशिवायही नसतं.

त्या चिपमध्ये फक्त पासवर्ड नसतो. यंत्राचा सीरियल नंबर, विंडोजच्या परवान्याची किल्ली आणि बोर्डाला लागणारी इतर माहितीही असते. दुसऱ्याच यंत्राची फाइल उचलून भरली, तर लॅपटॉप उघडेल, पण सीरियल नंबर भलताच दिसेल, विंडोज परवाना मागेल, कधी पंखा पूर्ण वेगाने फिरत राहील, तर कधी यंत्र काही वेळाने आपोआप बंद पडेल. म्हणून तीन प्रश्न विचारा :

१. मूळ चिपमधल्या माहितीची प्रत आधी काढून ठेवणार का?
२. काम झाल्यावर सीरियल नंबर तोच दिसेल का?
३. यंत्र बंद पडलं तर जबाबदारी कोणाची, आणि ते पावतीवर लिहून देणार का?

चांगला कारागीर या प्रश्नांनी चिडत नाही. उलट तोच तुमच्याकडे बिल मागेल. बिल न विचारता काम करून देणारा आपल्याला सोयीचा वाटतो, पण चोरीचा माल घेऊन येणाऱ्यालाही तो तेवढाच सोयीचा असतो, हे विसरू नका.

इंटरनेटवर 'मास्टर पासवर्ड' देणारे प्रकारही आहेत. काही जुन्या मॉडेलमध्ये पडद्यावरच्या नंबरावरून पासवर्ड काढता यायचा, ते खरं आहे. पण कंपन्यांनी पद्धत बदलत नेली आणि नव्या यंत्रांवर ते चालेल असं धरता येत नाही. आधी पैसे मागणाऱ्यांपासून आणि 'हे सॉफ्टवेअर उतरवा' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. पासवर्ड जाईल न जाईल, बँकेचं खातं मात्र जाईल.

आतले फोटो, कागदपत्रं वाचतील का?

घरातलं माणूस गेलं आणि त्याच्या लॅपटॉपमध्ये कागदपत्रं अडकली, असंही होतं. तेव्हा यंत्रापेक्षा आतली माहिती महत्त्वाची असते.

फक्त बायोसचा पासवर्ड असेल, तर डिस्क काढून बाहेरच्या डबीत घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावता येते आणि फाइली मिळू शकतात. पण विंडोजने डिस्क कुलूपबंद केली असेल, तर ४८ आकड्यांची बिटलॉकर किल्ली मागितली जाते. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला असेल, तर हे कुलूप पुष्कळदा आपोआप लागलेलं असतं आणि किल्ली त्याच खात्यात ठेवलेली असते. ते खातं मोबाईलवर उघडून किल्ली लिहून घ्या. हे काम चिपला किंवा बोर्डाला हात लावायच्या आधी करा, कारण बोर्ड बदलला की हीच किल्ली मागितली जाण्याची शक्यता मोठी.

हार्ड डिस्कचा स्वतःचा पासवर्ड असेल आणि तो कोणालाच माहीत नसेल, तर लॅपटॉप कंपनीसुद्धा माहिती काढून देत नाही. लेनोव्होने तर स्पष्ट सांगून ठेवलंय की डिस्कच बदलावी लागेल.

आणि यंत्र चोरीचं निघालं तर?

या पासवर्डाचा मूळ उद्देशच चोराला अडवणं हा आहे. म्हणून कुलूपबंद यंत्र अगदी स्वस्तात मिळालं, बिल नाही, विकणारा फोन उचलत नाही, तर थांबा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७नुसार चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं समजायला कारण असताना, अप्रामाणिकपणे घेतला किंवा ठेवला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कॉम्प्युटरसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ब वेगळं आहे. तिथेही तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कायदे महाराष्ट्र, तेलंगणा, कर्नाटक सगळीकडे सारखेच लागू.

संशय आला, तर पासवर्ड तोडून घेऊ नका. नंतर 'मला माहीत नव्हतं' हे सांगणं अवघड जातं. विकणाऱ्याचा नंबर, पैसे दिल्याची नोंद आणि यंत्र घेऊन पोलीस ठाण्यात जा. पैसे अडकतील, पण आपण अडकणार नाही.

घेण्याआधी पाच मिनिटं

हे सगळं टाळायचं, तर पैसे देण्याआधी दुकानातच उभं राहून एवढं बघा.

- लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू करा आणि लगेच की दाबत राहा. डेल, एसर, असूस : एफ-२. एचपी : एफ-१० किंवा आधी एस्केप. थिंकपॅड : एफ-१. पासवर्ड न विचारता बायोस उघडला पाहिजे.
- उघडला, पण सगळे पर्याय फिकट दिसतात आणि काहीच बदलत नाही, तर मुख्य पासवर्ड आहे असं समजा.
- पासवर्डाच्या भागात 'सेट' लिहिलंय की 'नॉट सेट', ते वाचा.
- बायोसमध्ये दिसणारा सीरियल नंबर आणि खालच्या स्टिकरवरचा नंबर जुळवा. वेगळा किंवा रिकामा असेल तर चिपला किंवा बोर्डाला हात लागलेला असू शकतो.
- 'ॲब्सोल्यूट' किंवा 'कॉम्प्युट्रेस' नावाचा पर्याय चालू आहे का बघा. ही चोरीचं यंत्र शोधायची सोय आहे. चालू असेल तर जुन्या मालकाचा धागा अजून जोडलेला असू शकतो.
- शक्य असेल तर विंडोज नव्याने टाकायला लावून वायफायला जोडा. एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिचाच लॉगिन मागितला, तर यंत्र अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे. डिस्क बदलूनही हे जात नाही.
- पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात : महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, तेलंगणा ३६. नंबर खरा आहे का, ते जीएसटीच्या सरकारी वेबसाइटवर फुकट तपासता येतं.

दुकानदाराने हात वर केले तर

'बायोस लॉक आहे' हे न सांगता दुकानदाराने यंत्र विकलं आणि परतही घेत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार नोंदवा. त्याने भागलं नाही, तर ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ने एक मोठी सोय केली आहे : ग्राहक जिथे राहतो, त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. म्हणजे खरेदी हैदराबादची असली, तरी तक्रार नांदेड, लातूर किंवा बिदरच्या जिल्हा आयोगात चालते. खरेदी पाच लाखांपर्यंतची असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. मात्र हे व्यापाऱ्याकडून घेतलं तर. ओळखीच्या माणसाने स्वतःचा लॅपटॉप विकला असेल, तर हा रस्ता उघडेलच असं नाही.

लक्षात ठेवायचं एवढंच

कुलूप काढायची खरी किल्ली बिल हीच आहे. बिल असेल तर कंपनीचं दार उघडतं, चांगला कारागीर हात लावतो आणि पोलिसांसमोर मान खाली घालावी लागत नाही. तुमच्या लॅपटॉपचं बिल आज रात्रीच शोधा, फोटो काढून मोबाईलवर आणि मेलवर ठेवा. बायोसला स्वतः पासवर्ड टाकला असेल, तर तो कागदावर लिहून त्या बिलाच्याच पाकिटात घाला आणि घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा.